मधल्या नटाला हात लावू नका

ठाण्यात गाडी चालवणाऱ्याला सस्पेन्शनचं शिक्षण फुकट मिळतं. माजिवड्याहून घोडबंदर रोडने कासारवडवलीकडे निघायचं. डांबर, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक हे तिघं जिथे जिथे एकमेकांना भेटतात तिथे एक उंचवटा असतो, आणि तो तिघांपैकी कुणाच्याच हद्दीत येत नसतो. पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरले की त्यांची खोली फक्त चाकालाच कळते. एवढं करून घरी पोचावं, तर सोसायटीने स्वखर्चाने बांधलेला स्पीडब्रेकर गेटवर उभाच. हे सगळे धक्के ज्याच्या पदरी पडतात तो गृहस्थ पुढच्या चाकाच्या मागे अंधारात असतो. कागदोपत्री त्याचं नाव स्ट्रट, गॅरेजात शॉकअप. तो गळायला लागला की ओळखायचा कसा आणि घरच्या पार्किंगमध्ये बदलायचा कसा, त्याची ही हकिगत.

गाडीचं वजन हा पेलत नाही, ते काम स्प्रिंगचं. पण स्प्रिंग एकदा दाबली गेली की आपणहून थांबत नाही, नाचत राहते. तिला आवरायचं काम शॉकअपचं. नळीत नळी, आत तेल, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक व्हॉल्व्ह, आणि तेलाला फेस येऊ नये म्हणून थोड्या दाबाचा नायट्रोजन. चाक वर-खाली झालं की तेलाला त्या बारीक वाटांतून घुसावं लागतं आणि उडीचा जोर उष्णतेत जिरतो. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे असते ती रचना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरच्या नावाने ओळखली जाते. 1950 साली इंग्लंडमध्ये फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांत ती आली. चाक उभं धरून ठेवायचं कामही त्याने शॉकअपच्याच गळ्यात बांधलं आणि चाकाला वरून धरणारा आर्म रद्द केला. जागा वाचली, कंपन्यांचे पैसे वाचले. वाचला नाही तो फक्त शॉकअप बदलणारा.

गळती सुरू होते ती एका रबरी सीलपाशी. पिस्टनचा दांडा क्रोमचा, आरशासारखा गुळगुळीत. त्याच्यावर रबराचं डस्ट कव्हर असतं. ते फाटलं की चिखलातली वाळू दांड्यावर बसते, दांडा वर-खाली होताना ती वाळू सीलला खरवडते, आणि तेल बाहेरचा रस्ता धरतं. म्हणजे हजारोंचा खर्च काढून ठेवतो तो शे-दोनशेचा रबराचा तुकडा.

आता ‘गळतोय’ कशाला म्हणायचं यावर पार्किंगमध्ये दोन पक्ष असतात. एक पक्ष जरा ओलसर दिसलं की दोन्ही शॉकअप बदलायला निघतो. दुसरा पक्ष गाडी होडीसारखी डुलायला लागली तरी ‘चालतंय की’ म्हणतो. खरं दोघांच्या मधे आहे. सीलला वंगण म्हणून दांड्याबरोबर तेलाचा पुसट थर बाहेर येतोच. वरच्या भागात घाम आल्यासारखं दिसलं तर घाबरायचं नाही. फडक्याने कोरडं पुसायचं, चार दिवस गाडी चालवायची आणि पुन्हा बघायचं. ओघळ पार खालच्या ब्रॅकेटपर्यंत आलाय, त्यावर धुळीचा काळा थर बसलाय, हात लावला तर बोटं माखतात, तर मग तो गेला.

एक काका हमखास येतात, बॉनेटवर दोन्ही हात ठेवून गाडी दाबतात आणि निकाल जाहीर करतात. “एकदाच उसळली. अहो, ठणठणीत आहे!” या परीक्षेत नापास होणारा शॉकअप खरोखर मेलेला असतो, पण पास होणारा ठणठणीत असतोच असं नाही. ब्रेक मारल्यावर गाडी नाक खुपसते का, बायपासवर वळणात हेलकावते का, हे बघावं. टायरवरून गोल तळवा फिरवावा. हाताला चढ-उतार लागले तर चाक रस्त्यावर टेकायच्या ऐवजी टणाटण उड्या मारत होतं असं समजावं. आणि खट्खट् आवाजावरून शॉकअपला फाशी देऊ नये. तो आवाज बहुतेक वेळा लिंक रॉडचा (शॉकअपला जोडलेली बारीक दांडी) नाहीतर वरच्या माउंटचा (शॉकअपचं डोकं बॉडीला धरणारी बैठक) असतो. गळका शॉकअप मरतो तो बहुधा गुपचूप.

“बदलायचा कशाला? तेल भरून मिळतं की!” असं सांगणाराही असतोच. मिळतं. नळीला भोक पाडतात, हाताशी असेल ते तेल ओततात, वेल्डिंगने भोक बुजवतात, काळा रंग मारतात. सील तेच, दांड्यावरचे ओरखडे तेच, नायट्रोजन मात्र उडून गेलेला. रंग वाळेपर्यंत छान दिसतो.

तेव्हा नवीनच घ्यायचा, आणि घ्यायची ती जोडी. एक गळतोय म्हणून एकच बदलला तर एक चाक शिस्तीत, दुसरं मोकाट, आणि जोरात ब्रेक मारल्यावर ते कळतं. डावा-उजवा बहुतेक गाड्यांत वेगळा असतो. ब्रेक होजचं (ब्रेकच्या तेलाची नळी) आणि लिंक रॉडचं ब्रॅकेट उलट बाजूला येतं. दुकानात मॉडेलचं नाव सांगून भागत नाही, आरसी बुक न्यायचं आणि चेसिस नंबरवरून पार्ट काढायला लावायचं. काउंटरवरचा माणूस विचारतो, “ओरिजिनल देऊ की कंपनी?” यात ओरिजिनल म्हणजे गाडी बनवणाऱ्याच्या खोक्यातला आणि कंपनी म्हणजे ज्याने तो पार्ट बनवला त्याच्या खोक्यातला. पुष्कळदा माल एकाच घरचा असतो, खोक्याचे पैसे वेगळे. सोबत दोन माउंट, दोन बेअरिंग, दोन बंप स्टॉप (मोठा धक्का शेवटी झेलणारे ठोकळे), दोन डस्ट कव्हर घ्यायचे. इथे काटकसर करणाऱ्याला माझा दंडवत. सगळं उघडून पुन्हा जुनं फाटकं कव्हर चढवणं म्हणजे नव्या सीलच्या मरणाची तारीख ठरवूनच गाडी बाहेर काढणं.

हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये करता येतं का? नियमावलीप्रमाणे नाही. प्रत्यक्षात रविवारी सकाळी येतं, आणि तो नियम लिहिणारे सेक्रेटरी साहेबच शेवटपर्यंत कमरेवर हात ठेवून उभे असतात. स्टिल्टमध्ये टाइल्स असतील तर जॅक स्टँडखाली प्लायवूडचा जाड तुकडा टाकावा, नाहीतर टाइल तडकते आणि पुढच्या सभेला विषय मिळतो. आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवावा. कळवा-ऐरोलीकडच्या खाडीच्या हवेत वाढलेल्या गाडीला दोनदा मारावा.

हँडब्रेक ओढायचा, मागच्या चाकांना अडसर लावायचा, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे आणि मग जॅक. गाडी स्टँडवर टेकल्याशिवाय खाली हात घालायचा नाही. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवणारे लोक मी पाहिलेत. त्यांना घाम शॉकअपच्या आधी येतो.

चाक निघालं की ब्रेक होजची आणि एबीएसच्या वायरची क्लिप शॉकअपवरून सोडवायची. मग लिंक रॉड. हा नट या कामातला खरा खलनायक. पाना फिरवला की नटाबरोबर आतला बॉल जॉइंटही फिरतो, गंमत बघत. त्याच्या टोकाला 5 किंवा 6 मिलिमीटरच्या एलन कीसाठी खाच असते. ती चिखलाने बुजलेली असते, टोकदार वस्तूने साफ करून एलन की पूर्ण आत बसवायची, ती एका हाताने धरायची आणि पाना दुसऱ्या हाताने. खाच एकदा गुळगुळीत झाली की ग्राइंडर आणि नवा लिंक रॉड, तिसरा मार्ग नाही. जाणती माणसं लिंक रॉडची जोडी शॉकअपबरोबरच आणतात.

खाली नकलला (चाक ज्याच्यावर बसतं तो जाड तुकडा) दोन जाडजूड बोल्ट असतात. सोडवायच्या आधी शॉकअप आणि नकल यांच्यावर खडूने किंवा रंगाने खूण करायची, कारण तिथल्या बारीकशा फटीवर चाकाचा कॅम्बर, म्हणजे त्याचं आत-बाहेर झुकणं, अवलंबून असतो. बोल्टच्या मानेला दाते असतील तर बोल्ट फिरवायचा नाही, तो नुसता धरायचा आणि नट फिरवायचा. नट निघाल्यावर बोल्ट जागचा हलत नसेल तर नट पुन्हा टोकापर्यंत चढवून त्याच्यावर ठोकावं; थेट बोल्टवर ठोकलं तर आटे चपटे होतात आणि मग तो आत-बाहेर कुठेच जात नाही. दुसरा बोल्ट काढायच्या आधी नकल तारेने बांधून ठेवायचा. विसरलात तर तो धाडकन बाहेर कलंडतो, ब्रेक होज ताणला जातो आणि चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटू शकतो. मग दुपारच्या जेवणाला येतो म्हणून घरी सांगितलेलं रात्रीच्या जेवणावर जातं.

आता वर. बॉनेट उघडल्यावर शॉकअपचं डोकं दिसतं; काही गाड्यांत ते वायपरखालच्या प्लॅस्टिकच्या पत्र्याआड लपलेलं असतं आणि आधी वायपर काढावे लागतात. कडेला तीन नट, मधोमध एक मोठा. इथे प्रेक्षकांतला सर्वात उत्साही माणूस पाना घेऊन पुढे होतो आणि बरोब्बर मधल्याला लावतो, कारण तो मोठा दिसतो. त्याचा हात धरा, नात्यातला असला तरी धरा. त्या नटाखाली दाबलेली स्प्रिंग आहे, आणि तिच्यात शेकडो किलोंचा जोर कोंडलेला आहे. स्प्रिंग दाबून धरणारा कंप्रेसर न लावता तो नट सोडला तर स्प्रिंग आणि माउंट गोळीसारखे सुटतात. आपले आहेत ते कडेचे तीन. शेवटचा काढताना दुसऱ्या हाताने खालून शॉकअपला आधार द्यायचा. काही गाड्यांची रचना वेगळी असते, वर मधलाच नट सगळं धरून असतो आणि स्प्रिंगचा नट त्याच्याखाली असतो. तिथे सर्व्हिस मॅन्युअल उघडल्याशिवाय पाना उचलू नये.

बाहेर आलेल्या शॉकअपवर स्प्रिंग कंप्रेसर चढवायचा. त्याचे दोन्ही आकडे (हुक) समोरासमोर, जमतील तितके वेटोळे पकडून. एका बाजूला दोन-तीन फेरे, मग दुसऱ्या बाजूला तितकेच. एकच बाजू आवळत गेलं तर स्प्रिंग कमानीसारखी वाकते आणि आकडा घसरतो. हे हाताच्या पान्यानेच करावं. इम्पॅक्ट गनने घाईत आवळलं तर कंप्रेसरचे आटे खलास होतात, आणि ते कधी सोडून देतील याचा नेम नाही. स्प्रिंग माउंटपाशी हातात सैल हलायला लागली की मगच मधला नट. या सबंध वेळात तिच्या टोकासमोर तोंड आणायचं नाही. कंप्रेसर भाड्याने मिळत नसेल तर एवढ्यापुरतं सुटा शॉकअप रिक्षात घालून वागळे इस्टेटच्या एखाद्या गॅरेजात न्यावा. यात काही कमीपणा नाही.

नवा शॉकअप आडवा पडून आलेला असतो. त्याला उभा धरून दांडा तीन-चार वेळा सावकाश पूर्ण दाबायचा आणि वर येऊ द्यायचा, म्हणजे आतली हवा तेलातून निघून जाते. मग बंप स्टॉप, डस्ट कव्हर, स्प्रिंग, वरची बैठक, बेअरिंग, माउंट. स्प्रिंगचं टोक खालच्या बैठकीतल्या पायरीला टेकलंच पाहिजे. बेअरिंगला वर-खाली बाजू असते; उलटं बसलं तर स्टिअरिंग वळवताना करकर ऐकू येते. मधला नट आवळताना दांडा फिरतो, म्हणून पुष्कळजण तो पकडीने दाबून धरतात. क्रोमवर पकडीचे दात उमटले की नवं सील पहिल्याच दिवसापासून कापलं जायला लागतं. दांड्याच्या टोकाला धरायला खाच दिलेली असते ती त्यासाठीच.

बसवताना उलटा क्रम: वरचे तीन नट हाताने नुसते अडकवायचे, खाली नकल जमवून बोल्ट घालायचे, खूण जुळवायची आणि मग सगळं टॉर्क रेंचने (किती जोर लागला ते मोजणारा पाना), मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर. गॅरेजात पान्यावर पाइप घालून उभं राहतात, तो टॉर्क कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही.

दोन्ही बाजू झाल्या की थेट अलाइनमेंट. खुणा कितीही जुळल्या तरी कॅम्बर थोडा हलतो, कॅम्बर हलला की टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळणं) हलतो, आणि नवे शॉकअप घालून महिन्याभरात टायर एका बाजूने खाल्ले गेले तर दोष बिचाऱ्या टायर कंपनीवर जातो. शे-दोनशे किलोमीटर चालवून सगळे नट पुन्हा तपासायचे.

राहता राहिले जुने दोन. ते ‘असू दे, कधीतरी लागतील’ म्हणून माळ्यावर जातात. लागत नाहीत. भंगारवाल्याला देताना मात्र सांगायचं, की आत तेल आणि दाबाखालचा वायू आहे, गॅसकटर लावू नकोस. तो मान डोलावतो, दोन्ही काट्यावर ठेवतो आणि विचारतो, “साहेब, बाहेर आलेलं तेल पुसून देता का? वजनात धरणार नाही.”