चर्चच्या शाळेतली इंग्रजी आणि आमची अहिराणी

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या आमच्या गावात चर्चला लागून एक शाळा आहे. पहिली ते चौथी, इंग्रजी माध्यम, तीन खोल्या, वर पत्रे, दोन टीचर. पुतण्या तिथे तिसरीत आहे. भाऊ सुरतला असतो, म्हणून फी भरायला आणि पालक सभेला मीच जातो. तेवढ्या हक्काने बोलतोय.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. टीचर रोज येतात. शहरातल्यांना यात विशेष वाटणार नाही. सरकारी शाळेतल्या गुरुजींना शिकवायचं नसतं असं मी म्हणत नाही. पण मतदार याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, तालुक्याच्या मीटिंगा एवढं त्यांच्या मागे लावलंय, की दोनशिक्षकी शाळेत एकच माणूस चार वर्ग सांभाळताना मी कितीदा पाहिलाय. इथे धाकट्या टीचर शाळा सुटल्यावर पायरीवर बसून एकेका पोराकडून वाचून घेतात. पोरगं दोन दिवस दिसलं नाही की पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पास्टर, मोटरसायकल काढून घरी हजर. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत निघालेल्या घरांपुढे ते उभे राहिले, 'पोरांना आजीजवळ ठेवा' म्हणून. तीन पोरं त्यामुळे गावात राहिली.

(धर्माचं विचारणार असाल तर सांगून टाकतो: सकाळी प्रार्थना होते. पोरगं घरी गणपतीची आरतीही म्हणतं. दोन्ही बेसूर.)

खिचडी मात्र नाही. शाळा विनाअनुदानित, त्यामुळे सरकारी पोषण आहार येत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत ज्या घरात भल्या पहाटे सगळे शेतात जातात, तिथल्या पोराच्या डब्यात काय असतं ते एकदा बघा.

आता मूळ दुखणं. दिवाळीच्या सुट्टीत पुतण्याची वही चाळत होतो. अक्षर असं की छापल्यासारखं. 'माय मदर इज अ हाउसवाइफ. शी कुक्स फूड.' मी विचारलं, "आठे काय लिखेल शे?" (इथे काय लिहिलंय?)

"माले ठाऊक नई."

"मंग तुनी माय काय करस?"

"कापूस येचाले जास. काल तिनी अठ्ठावीस किलो येचा. किलोले दहा रुपया, मंग दोनशे ऐंशी."

बोटंसुद्धा मोजली नाहीत पठ्ठ्याने. आणि त्याच्याच गणिताच्या वहीत असलंच गुणाकाराचं शाब्दिक उदाहरण कोरं सोडलेलं, खाली लाल पेनाने शेरा. पोराला गणित येतं. प्रश्न काय विचारलाय तेच कळत नाही. घरात अहिराणी, गावात अहिराणी, टीव्हीवर मराठी, आणि वर्गात इंग्रजीशिवाय शब्द काढला की पाच रुपये दंड. त्यामुळे तो वर्गात गप्प बसतो आणि फळ्यावरचं सुंदर अक्षरात उतरवतो. आम्ही त्याला हुशार म्हणतो.

गंमत बघा. महाराष्ट्रात मिशनऱ्यांनी शाळा काढल्या तेव्हा ते लोक आधी आपली भाषा शिकले. नगरला 1842 मध्ये त्यांनी 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केलं, तेही मराठीतून. जोतिराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले, पण त्याआधी मराठी शाळेत लिहा-वाचायला शिकले होते. क्रम लक्षात घ्या. 2020 चं शैक्षणिक धोरणही हेच म्हणतं, शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा. म्हणतं, एवढंच.

कायद्याने काही करता येईल म्हणाल, तर तिथेही हात रिकामे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळलं. म्हणजे किती पोरांमागे किती शिक्षक, हेसुद्धा त्या कायद्यावर बोट ठेवून विचारता येत नाही. विचारायचं तर पालकांनीच.

म्हणून गेल्या सभेत मी उठलो. म्हटलं, इंग्रजी शिकवा, जोरात शिकवा, पण पहिली-दुसरीला समजावून सांगा पोराच्या भाषेत, आणि तो दंड बंद करा. अर्धं वाक्य झालं नाही तोच मागून आवाज आला, "मंग जिल्हा परिषदमा टाक ना!" सगळे हसले. एक ताई तळमळून म्हणाली, "आम्ही अहिराणीतच मरतोय भाऊ, पोरांना तरी बाहेर पडू द्या." तिला काय उत्तर देणार? तिचं खोटं नाही.

पाळकसाहेब काहीच बोलले नाहीत. त्यांनी कपाटातून दोन वर्षांपूर्वीचं सभेचं रजिस्टर काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. दंडाचा ठराव शाळेने केलेलाच नव्हता, पालकांनी मागून घेतला होता, एकमताने. खाली सह्या. सातवी माझी.

पुढच्या सभेत तो रद्द करण्याचा ठराव मांडतोय. सूचक मी. अनुमोदक अजून मिळालेला नाही.