वीस मुली, सहा जागा आणि चुकलेला हिशेब

अमेरिकी विद्यापीठांतले महिला जिम्नॅस्टिक्सचे संघ बंद करा, असं सांगणारा मजकूर भरपूर फिरतोय. त्यातले आक्षेप असे: सामन्यात उतरतात सहाच, मग संघात वीस मुली कशाला? खेळ तोट्यात आहे, बंद केला की पैसा वाचेल. शिवाय या मुली शिकतात कधी?

‘सहाच’ हा आकडा एका साधनाचा आहे. व्हॉल्ट, अनइव्हन बार्स, बीम आणि फ्लोअर मिळून एका सामन्यात २४ जागा भरायच्या असतात, आणि चारही साधनं करणाऱ्या मुली मोजक्याच. सहापैकी पाच गुण धरतात, सर्वांत कमी गाळतात. बीमवरून पडलं की ०.५ गुण जातो, ९.८०चे ९.३० होतात. सहाजणी असतील तर ते ९.३० गाळले जातात. एकीचं अकिलीस टेंडन (टाचेमागची शीर) तुटलं आणि पाचच उतरल्या, तर ते पडणं सरळ बेरजेत येतं. संघासंघांत फरक बऱ्याचदा दशांशाचाच असतो. जानेवारी ते एप्रिल जवळपास दर आठवड्याला सामना. राखीव मुली ही चैन नाही.

आता पैसा. तिकिटांतून खर्च निघत नाही, हे बहुतेक ठिकाणी खरं आहे. यूटा विद्यापीठासारखे सामन्याला दहा हजारांवर प्रेक्षक फार थोड्यांना लाभतात. पण ‘खर्च’ म्हणून दाखवलेली शिष्यवृत्ती क्रीडा विभाग त्याच विद्यापीठाला फी म्हणून भरतो. २०२४-२५पर्यंत डिव्हिजन एकमध्ये, म्हणजे विद्यापीठ खेळांच्या सर्वांत वरच्या श्रेणीत, पूर्ण शिष्यवृत्त्या जास्तीत जास्त १२ होत्या, त्यापलीकडच्या मुलींना खेळासाठी पैसे मिळत नव्हते. डिव्हिजन तीनमध्ये तर क्रीडा शिष्यवृत्ती नसतेच. हातातून खरोखर जाणारा पैसा प्रशिक्षकांचे पगार, प्रवास, उपचार आणि साधनं यांवरचा. तो वेगळा काढल्याशिवाय तोट्यावर बोलण्यात अर्थ नाही.

अभ्यासाबद्दलचा आक्षेप सर्वांत कच्चा. विद्यापीठ खेळांची संघटना एनसीएए डिव्हिजन एकच्या प्रत्येक संघाच्या शैक्षणिक प्रगतीचा आकडा काढते. त्यासाठी शिष्यवृत्तीवरच्या प्रत्येक मुलीला दर सत्रात दोन गुण असतात: एक पात्र राहिल्याचा, एक विद्यापीठात टिकल्याचा. मिळालेल्या गुणांचं प्रमाण हजारात मांडतात: कमाल १०००, आणि ९३०च्या खाली गेल्यास अंतिम स्पर्धांना मुकावं लागतं. १२ मुली, दोन सत्रं म्हणजे वर्षाला ४८ गुण. त्यातला एकच गेला तरी आकडा ९७९वर येतो. म्हणून चार वर्षांची सरासरी बघायची. त्यात महिला जिम्नॅस्टिक्स सर्व खेळांत सातत्याने वरच्या रांगेत आहे.

‘बंद केला की वाचेल’ हे ब्राउन विद्यापीठाने १९९१ साली करून पाहिलं. महिलांचे जिम्नॅस्टिक्स व व्हॉलीबॉल आणि पुरुषांचे गोल्फ व वॉटर पोलो यांचा निधी काढला. अपेक्षित बचत वर्षाला सुमारे ७८ हजार डॉलर, त्यातले ६२ हजार महिला संघांचे. तेव्हा विद्यार्थ्यांत मुली सुमारे ४८ टक्के, खेळाडूंत मात्र ३७. जिम्नॅस्टिक्स आणि व्हॉलीबॉलच्या मुलींनी टायटल नाइन, म्हणजे शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी करणाऱ्या अमेरिकी कायद्याखाली दावा लावला. न्यायालयाने महिला संघांचा निधी परत सुरू करायला लावला, १९९३मध्ये अपील न्यायालयाने तो आदेश कायम केला, आणि खटला १९९८च्या तडजोडीपर्यंत चालला.