इंग्रजी भाषाविज्ञानाचा पहिला अभ्यासक्रम कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

इंग्रजीच्या प्रत्येक पदवी-विद्यार्थ्याला भाषाविज्ञानाचा प्रारंभिक अभ्यासक्रम सक्तीचा असावा, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आक्षेप नोंदवलात, त्याबद्दल आभार. आपली कन्या वडोदऱ्यातच इंग्रजी घेऊन बी. ए. करते आहे, तिने अख्खे सत्र जीभ-टाळूच्या आकृत्या आणि वाक्यांचे वृक्ष (वाक्याची रचना फांद्यांसारखी दाखवणाऱ्या आकृत्या) काढण्यात घालवले, तरी तिचे इंग्रजी बोलणे होते तेथेच राहिले, असे आपण लिहिता. भाषेचे शास्त्रच शिकवायचे तर ते मराठीचे का नाही, हा आपला दुसरा प्रश्न आहे.

हा अभ्यासक्रम इंग्रजी बोलायला शिकवत नाही, हे खरे आहे. त्यासाठी सराव लागतो आणि तो वेगळ्या वर्गात व्हायला हवा. भाषेविषयी आपण जे गृहीत धरून चालतो, ते कानाने आणि पुराव्याने तपासायला शिकवणे, हे या अभ्यासक्रमाचे काम आहे.

अनेकवचनाचेच पाहा. शाळेत ‘एस लावा’ एवढेच सांगतात. प्रत्यक्षात ‘कॅट’पुढे ‘स’ ऐकू येतो, ‘डॉग’पुढे ‘जोर’ शब्दातल्या ‘ज’च्या जवळचा घोष ध्वनी, म्हणजे गळ्यातील स्वरतंतू कंप पावून निघणारा ध्वनी, येतो आणि ‘बस’पुढे मध्ये एक स्वर घालावा लागतो. जीन बर्को यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे नाव ‘वग’ असल्याचे सांगितले, आणि मग तसेच दोन प्राणी दाखवले. कधीही न ऐकलेल्या त्या शब्दाचे अनेकवचन बहुतेक मुलांनी नेमका घोष ध्वनी लावून केले. म्हणजे मुलांनी शब्द पाठ केलेले नव्हते, नियम आत्मसात केला होता, आणि तो त्यांना कोणी शिकवलेला नव्हता. घोष-अघोषाचा हा भेद आपल्याला परका नाही. ‘वाक्’ आणि ‘ईश’ यांचा ‘वागीश’ होतो तो त्यामुळेच.

आता ‘कोल्ड’ आणि ‘स्कोल्ड’ हे शब्द घ्या. ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे, तो पहिल्या शब्दातल्या ‘क’सोबत हवेचा झोत सोडतो, दुसऱ्यात सोडत नाही; तोंडासमोर तळहात धरला की फरक कळतो. त्याला स्वतःला मात्र तो सहसा जाणवत नाही, कारण त्याच्या भाषेत त्या झोताने अर्थ बदलत नाही. आपल्याकडे ‘कण’ आणि ‘खण’ हे दोन शब्द त्याच झोतामुळे वेगळे होतात. मराठी ‘क’ने उच्चारलेला ‘कोल्ड’ इंग्रज कानाला ‘गोल्ड’ वाटू शकतो, त्याचे कारणही येथेच आहे. आपल्या कन्येने काढलेली टाळूची आकृती हे समजण्यासाठी असते. ती नुसती पाठ करून घेतली जात असेल, तर आपली तक्रार रास्त आहे. पण ती शिकवण्याच्या पद्धतीबद्दलची तक्रार आहे.

मराठीच का नाही, या प्रश्नात मला आपल्याशी पुष्कळ सहमत व्हावेसे वाटते. इंग्रजी विभागात अभ्यासाचा विषय इंग्रजी असणार, हे उघड आहे. परंतु उदाहरणांची सुरुवात विद्यार्थ्याच्या घरातून व्हावी, असा माझा आग्रह आहे, आणि वडोदऱ्याइतकी सोय त्यासाठी क्वचितच कोठे असेल. दांडिया बाजारातले मराठी मूल दाराबाहेर पडताच गुजराती बोलते. गुजरातीत ‘बार’ म्हणजे बारा. ‘बहार’ म्हणजे बाहेर, पण बोलताना त्यातला ‘ह’ स्वतंत्र उरत नाही, स्वरच श्वासयुक्त होतो. हे भेद आपली मुले रोज ऐकतात, फक्त त्यांच्याकडे कोणी लक्ष वेधलेले नसते.

वाक्यरचनेतही तसेच आहे. ‘क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते’ हे विधान इंग्रजीपुरते ठीक आहे. आपण म्हणतो, ‘मुलीने आंबा खाल्ला’. शेजारची गुजराती मैत्रीण म्हणते, ‘छोकरीए केरी खाधी’. दोन्हीकडे कर्ता स्त्रीलिंगी आहे आणि फळही तेच आहे, तरी क्रियापदाचे लिंग वेगळे, कारण ते कर्माला अनुसरते, आणि ‘आंबा’ पुल्लिंगी तर ‘केरी’ स्त्रीलिंगी आहे. वर्गात हे विधान सर्व भाषांना लागू असल्यासारखे मांडले गेले, तर आपली कन्या हात वर करून ही दोन वाक्ये पुढे ठेवू शकते. इंग्रजीच घरात असलेल्या विद्यार्थ्याला हे प्रतिउदाहरण सहजासहजी सुचणार नाही.

म्हणून अभ्यासक्रम काढून टाकण्याऐवजी त्याची परीक्षा बदलण्याची मागणी आपण करावी, अशी माझी विनंती आहे. व्याख्या विचारण्याऐवजी विद्यार्थ्यांना अपरिचित भाषेतली दहा-बारा वाक्ये अर्थासह द्यावीत आणि त्यांतून नियम शोधायला सांगावा. अशा प्रश्नाला पाठांतर पुरत नाही, आणि तीन भाषांत वाढलेली मुले त्यात मागे राहतील असे मला वाटत नाही.