बाबांच्या ऑफिसला पत्रा चढला

आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदांवर बाबांच्या नावातील एक वेलांटी चुकली आहे. ती दुरुस्त करून घेण्यासाठी आज तिसऱ्यांदा नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील त्यांच्या जुन्या कार्यालयात गेलो आणि फाटकातच थबकलो. इमारत ओळखूच येईना. दर्शनी कमानी नाहीशा झाल्या असून त्यांच्यावर राखाडी आणि नारिंगी एसीपी (अ‍ॅल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल) शीट चढली आहे. काही तक्त्यांवरचे प्लास्टिक अजून काढायचे राहिले आहे आणि ते गरम वाऱ्यात फडफडत होते. कार्यालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ती वेलांटी अजून दुरुस्त व्हायची आहे.

मी पाचवी-सहावीत असताना उन्हाळ्याच्या सुटीत बाबांचा डबा पोहोचवण्याचे काम माझ्याकडे असे. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांच्या, उन्हात धरमपेठेहून सायकल. व्हरांड्यात पोहोचलो की बाबा बाहेर येत, डबा घेण्याआधी माझा तळहात धरून भिंतीला टेकवीत आणि म्हणत, "बघ, माठासारखी आहे की नाही?" ती खरोखरच माठासारखी असे. दोन हात जाडीची, चुन्यात बांधलेली भिंत. पश्चिमेला इतका खोल व्हरांडा की ऊन खोलीच्या दारापर्यंत पोहोचेपर्यंत कार्यालय सुटायची वेळ होई. छताखालच्या झरोक्यांतून वर चढलेली गरम हवा निघून जाई आणि दारांवरच्या वाळ्याच्या ताट्यांवर शिपाईकाका दर तासाला पाणी मारीत. ज्याने कोणी ही इमारत बांधली, त्याला नागपूरचा मे महिना ठाऊक होता.

आज मी त्याच जागी हात टेकवला आणि चटका बसून मागे घेतला. अ‍ॅल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे आणि मध्ये प्लास्टिकचा थर, हे त्या शीटचे सगळे वैभव! ती बसवण्यासाठी लोखंडी चौकट हवी, चौकटीसाठी भिंतीत बोल्ट हवेत, म्हणून एक मुलगा ड्रिलने कमानीच्या दगडाला भोके पाडत होता आणि दगडाची पांढरी भुकटी त्याच्या भुवयांवर बसली होती. आता चुन्याच्या भिंतीतील ओल आतच कोंडणार, पत्र्यामागच्या पोकळीत कबुतरे संसार थाटणार आणि झरोके बुजल्यामुळे प्रत्येक खोलीला एसी लागणार. पारा 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या शहरात हे ज्याला सुचले, त्याला एकदा मेमध्ये दुपारी दोन वाजता त्या भिंतीला पाठ लावून उभे करावे. (हे रागात लिहिले आहे, पण खोडणार नाही.) खिडकीवरील बाई मात्र कौतुकाने म्हणाल्या, "मॉडर्न लूक दिला आहे, सर."

इमारतीची अशी दशा आजच झाली, असेही नाही. 1956 मध्ये नागपूरचे राजधानीपण गेले. पुढे वर्षाकाठी हिवाळी अधिवेशन आले की सरकारी भिंतींवर रंगाचा हात फिरू लागला. जुन्या रंगावर नवा, त्यावर आणखी नवा, असे थर चढत कमानीवरचे कोरीव काम साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत झाले. मग टेबले वाढली आणि व्हरांड्याचा अर्धा भाग प्लायवूडने बंद झाला. बढतीनंतर बाबांना त्यातल्याच एका प्लायवूडच्या खोपटात खुर्ची मिळाली आणि आम्ही गल्लीभर पेढे वाटले, हेही कबूल करतो. तेव्हा व्हरांड्याची आठवण आमच्यापैकी कोणालाही झाली नाही.

हायकोर्टाकडे वाकडी नजर करण्याची कोणाची छाती नाही. हेन्री मेडने आखलेली ती वास्तू 1940 पासून आपल्या वालुकाश्मासह दिमाखात उभी आहे आणि पाहुणे आले की आपण त्यांना ती दाखवायला नेतो. पण ज्यांच्या वास्तुशिल्पकाराचे नाव कोणालाही आठवत नाही, ज्यांत मंत्री नव्हे तर कारकून बसले, अशा इमारतींना कोण वाली आहे?

जुनी इमारत पावसाळ्यात गळत होती, स्वच्छतागृहाकडे जाताना नाक धरावे लागे आणि लिफ्टअभावी आईला मागच्या वेळी दोन जिने चढावे लागले, हे मान्य. मग लिफ्ट बसवा, छत दुरुस्त करा. लिफ्ट आजही नाही.

निघताना इमारतीच्या मागच्या बाजूला गेलो. तिथे अजून शीट पोहोचलेली नाही. तो ड्रिलवाला मुलगा आणि त्याचे दोन सोबती तिथल्या उघड्या भिंतीला पाठ टेकून डबा खात बसले होते. इथेच का बसलात, असे विचारले, तर तो म्हणाला, "काका, इथे थंड लागते." माझा राग तिथेच बराचसा ओसरला. त्याच्याशेजारी थोडा वेळ बसलो आणि भिंतीला हात लावला.

एक विनंती आहे. सिव्हिल लाइन्समध्ये नोकरी केलेल्या कोणाच्या घरी निरोपसमारंभाचे वगैरे जुने फोटो असतील आणि मागे कमानींचा व्हरांडा दिसत असेल, तर ते कॉमेंटमध्ये टाकावेत. कोणती इमारत, हे मी ओळखीन. आमच्याकडे एकही फोटो नाही. आमच्या घरी कॅमेरा आला तोवर तिथे प्लायवूड लागले होते.