‘निधिनिक्षेप’ वगळा, विहिरीचा हिस्सा ठेवा
करारनाम्यांतील समानार्थी शब्दांची माळ काढून टाकावी, हे एका लेखात वाचलेले मत मला पटते. आमच्या परभणीकडच्या खरेदीखतांत आजही ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह’ (निधिनिक्षेप म्हणजे जमिनीत पुरलेले धन) ही ओळ जशीच्या तशी उतरवली जाते. वास्तविक मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ८ नुसार, वेगळा उद्देश व्यक्त झालेला नसेल तर, जमिनीला जोडलेल्या वस्तू आणि सुविधाधिकार (शेजारच्या जमिनीवरचे वापराचे हक्क) तिच्याबरोबर खरेदीदाराकडे जातातच. निधीचे तर बोलायलाच नको. सापडलेले गुप्तधन १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. मात्र सामाईक विहिरीतील चार आणे (पाव) हिस्सा, पाण्याची पाळी आणि बांधावरची गाडीवाट यांचा नेमका तपशील दस्तात हवाच; त्यांना कोणी फापटपसारा समजून कात्री लावू नये. आमच्या घरच्या दस्तात पाळीचा उल्लेख राहून गेला आणि दोन उन्हाळे भावकीशी बोलणे बंद होते.