काट्यावरचा बोकड आणि उक्ता भाव

शेतकऱ्याने दलालाला वगळून थेट ग्राहकाला माल विकावा, हा सल्ला भाजीपाल्याला जितका सहज लागू पडतो तितका तो शेळ्या-बोकडांना लागू पडत नाही, असे माझे मत झाले आहे. हे मत थेट विक्रीचा नाद सोडलेल्या माणसाचे नाही. गेली सात वर्षे मी फलटण तालुक्यात आमच्या गोठ्यावरूनच बोकड विकते आणि पुढेही विकणार आहे. परंतु व्यापाऱ्याला काढून टाकले की त्याचा नफा आपल्या पदरात पडतो, या समजुतीवर जे नवीन लोक या धंद्यात उतरत आहेत, त्यांना हिशेबाची दुसरी बाजू कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

माझे सासरे लोणंदच्या बाजारात शेळ्या नेत असत. तिथे सौदा उक्ता होत असे, म्हणजे जनावराचे वजन न करता नजरेने अंदाज घेऊन एकरकमी भाव ठरत असे. व्यापारी बोकडाच्या कमरेवरून हात फिरवायचा, पाठीच्या कण्यालगतचे मांस बोटांनी चाचपायचा, ओठ वर करून दात बघायचा आणि मग उपरण्याखाली हातात हात घेऊन बोटांच्या खुणांनी आकडा सांगायचा. त्याचा अंदाज किलो-दोन किलोच्या पलीकडे चुकत नसे. आमचा मात्र आठ-दहा किलोंनी चुकत असे. घरी पहिल्यांदा लटकता काटा आणला आणि ज्या बोकडाला आम्ही सव्वीस किलोंचा समजत होतो तो चौतीस किलोंचा भरला, तेव्हा सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या काट्याने आम्हाला फसवणुकीबद्दल जेवढे शिकवले त्याहून अधिक आमच्या अज्ञानाबद्दल शिकवले, कारण व्यापारी खोटे काहीच बोलला नव्हता. त्याला जे कळत होते ते आम्हाला कळत नव्हते, इतकेच.

थेट विक्री सुरू केली तेव्हा मी जिवंत वजनावर किलोचा भाव लावला आणि पहिला गोंधळ तिथेच झाला. गेल्या हंगामात माझा भाव किलोला ४०० रुपये होता आणि मटणाच्या दुकानात ८०० रुपये. शहरातून येणाऱ्या ग्राहकाला वाटते की निम्म्या किमतीत मटण मिळाले. प्रत्यक्षात तीस किलोंच्या बोकडाचे साधारण चौदा किलोच मटण पडते, कारण कातडे, रक्त, पोट, आतडी, मुंडी आणि खूर वजा जातात. तीस किलोंचे बारा हजार रुपये द्यायचे आणि ८०० रुपयांच्या हिशेबाने अकरा हजार दोनशे रुपयांचे मटण घ्यायचे, असा तो व्यवहार आहे. वर काळीज, वजडी, मुंडी आणि पाय मिळतात आणि खाटकाची मजुरी द्यावी लागते. म्हणजे ग्राहकाला स्वस्त पडते असे फारसे नाही. त्याला जे मिळते ते इतकेच की जनावर त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते, ते काय खाऊन वाढले हे त्याला ठाऊक असते आणि मटणात भेसळीचा प्रश्न उरत नाही. हे मी आता प्रत्येक नव्या ग्राहकाला आधीच सांगते. त्यातले काही जण परत जातात. जे थांबतात ते पुढच्या वर्षी पुन्हा येतात.

काटा लावला म्हणून व्यवहार आपोआप चोख होतो, असेही नाही. शेळी रवंथ करणारे जनावर असल्यामुळे भरल्या पोटी तिच्या वजनात दोन-तीन किलोंचा फरक सहज पडतो. वजनाआधी मीठ चारून पोटभर पाणी पाजणारे विक्रेते मी पाहिले आहेत आणि दोन दिवस उपाशी ठेवलेल्या जनावराचे वजन करू मागणारे ग्राहकही पाहिले आहेत. म्हणून आमच्याकडे वजन सकाळी, रात्रीच्या वैरणीनंतर आणि सकाळचा चारा टाकण्यापूर्वी होते, आणि काट्याची पडताळणी दरवर्षी करून घेतलेली असते. ग्राहकाला संध्याकाळची वेळ सोयीची असली तरी मी ती देत नाही. यावरून माझे तीन-चार सौदे मोडले आहेत, त्याचे मला वाईट वाटत नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी एवढे लिहायला बसले तो मुद्दा. व्यापारी सरसकट नेतो आणि ग्राहक निवडून नेतो, या एका फरकात थेट विक्रीचे सगळे गणित अडकलेले आहे. दुसऱ्या वर्षी माझ्याकडे वीस बोकड विक्रीला होते. पंधरा दिवसांत ग्राहकांनी त्यातले बारा नेले, अर्थातच अंगाने भरलेले, शिंगांनी डौलदार आणि तुकतुकीत काळ्या रंगाचे. मागे आठ राहिले: एक किंचित लंगडा, दोन उशिरा जन्मलेले, एकाचे शिंग मोडलेले, बाकीचे नुसतेच किरकोळ. त्या आठांसाठी व्यापाऱ्याला बोलावले तर त्याने गोठ्यात शिरताच एका नजरेत ओळखले की कळप चाळून झालेला आहे, आणि त्याच हिशेबाने भाव सांगितला. ते आठ विकले जाईपर्यंत महिनाभर जो चारा आणि भरडा त्यांनी खाल्ला तो धरून मी वीसही बोकडांची सरासरी काढली, तेव्हा पहिल्याच दिवशी सगळा गोठा सरसकट दिला असता तर जे पैसे आले असते त्यापेक्षा जेमतेम थोडे जास्त हाती आले होते. त्यात माझे पंधरा दिवस, शेकडो फोन आणि चहाचा खर्च धरलेला नाही. (फोनवर "मालक कुठे आहेत?" हा प्रश्न किती वेळा ऐकावा लागतो, हा निराळ्या पोस्टचा विषय आहे.)

तेव्हापासून मी एक रीत पाळते. हंगामाच्या आधीच साधारण एक-तृतीयांश माल व्यापाऱ्यासाठी बाजूला काढते आणि त्यात मुद्दाम दोन-तीन उत्तम बोकड घालते. ते दोन-तीन बोकड ग्राहकाला दिले तर प्रत्येकी हजार-दीड हजार रुपये जास्त मिळतील, हे मला कळते. पण त्यांच्या जोरावर बाकीचा किरकोळ माल बऱ्या भावाने आणि वेळेवर जातो. शिवाय भर पावसात, औषधाला पैसे नसताना, एका फोनवर रोख घेऊन येणारा माणूस व्यापारीच असतो. त्याला दलाल म्हणून हिणवणाऱ्या लेखांशी मी म्हणूनच सहमत होऊ शकत नाही. तो नफा घेतो आणि कधी अवाच्या सवा घेतो, हे खरे. पण लंगड्या बोकडाचा धोकाही तोच घेतो.

थेट विक्री ही काही नवी कल्पनाही नाही. आपल्या गावांत आखाडात किंवा जत्रेला दहा-बारा घरे मिळून एक बोकड घेतात, तो गावातच पडतो आणि झाडाखाली पानांवर सारखे वाटे घातले जातात. काळजाचा तुकडासुद्धा प्रत्येक वाट्यात येईल इतके ते काटेकोर असते. या पद्धतीत जनावर कुणाचे, किती दिवसांचे, कशावर वाढलेले, हे सगळ्यांना माहीत असते आणि किरकोळ बोकडालाही गिऱ्हाईक मिळते, कारण वाटा घेणाऱ्याला बोकडाचा रुबाब नको असतो. पुण्यातल्या दोन सोसायट्यांमधली काही कुटुंबे आता अशीच एकत्र येऊन माझ्याकडून बोकड घेतात आणि परवानाधारक खाटकाकडून वाटे करून घेतात. माझ्या मते, शेळीपालकाने एकेकट्या हौशी ग्राहकाच्या मागे लागण्यापेक्षा असे वाटेकरी गट जोडावेत. आम्ही मात्र गोठ्यावर कापत नाही आणि मटणही विकत नाही; जिवंत जनावर विकणे आणि मटण विकणे या कायद्याच्या दृष्टीने अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मटणासाठी अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी किंवा परवाना लागतो.

बकरी ईदचा ग्राहक सगळ्यात जाणता असतो. त्याला कुर्बानीसाठी निदान वर्षाचा, दोनदाती (म्हणजे पुढचे दोन कायमचे दात आलेला), अव्यंग बोकड हवा असतो. आदत, म्हणजे दुधाचे दात न पडलेला बोकड कितीही भरलेला असला तरी तो शंका काढतो. या ग्राहकासाठी नियोजन मागच्या मागच्या वर्षापासून करावे लागते. ईद दरवर्षी दहा-बारा दिवसांनी अलीकडे सरकते: २०२३ मध्ये ती २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जूनला आणि २०२५ मध्ये ७ जूनला. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा आणि बोकडाचे वय वर्षाच्या वर, म्हणजे ईदेच्या किमान दीड वर्ष आधी शेळी फळलेली, म्हणजे गाभ राहिलेली पाहिजे. त्यात ईद आता भर उन्हाळ्याकडे सरकल्यामुळे शेवटचे दोन महिने, जेव्हा बोकडाने अंग धरायला हवे, नेमके तेच हिरव्या चाऱ्याच्या टंचाईचे असतात. मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) आणि तुरीचे भुसकट साठवलेले नसेल तर काट्यावर ते लगेच दिसते. कानातल्या बारा अंकी बिल्ल्याबद्दलही हे ग्राहक विचारतात, कारण बिल्ल्यासाठी कानाला छिद्र पडते आणि ते व्यंग ठरेल का अशी त्यांना शंका असते. राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय पशुधनाची खरेदी-विक्री करता येत नाही, हे मी त्यांना सांगते आणि धार्मिक शंका त्यांनी त्यांच्या मौलानांना विचारावी असे सुचवते. त्यावर मत देणे हे माझे काम नाही.

पैदाशीच्या जनावरांची विक्री हा या धंद्यातला सर्वांत गोड आणि सर्वांत घातक भाग आहे, आणि इथे माझी स्वतःचीच चूक सांगते. सुरुवातीच्या काळात शहरातून गावी परतलेल्या एका तरुणाला मी पाच गाभण शेळ्या चढ्या भावाने विकल्या. त्यातल्या दोन शेवटच्या महिन्यात होत्या. टेम्पोतून दीडशे किलोमीटरचा प्रवास झाला आणि आठवड्याच्या आत त्या दोन्ही गाभडल्या, म्हणजे त्यांचा गर्भपात झाला. त्याने तक्रार केली नाही, कारण दोष कुणाचा हे त्याला कळतच नव्हते. मला कळत होते. मी त्याला निम्मे पैसे परत केले, पण त्याचा धंद्यावरचा विश्वास परत देता आला नाही. आता शेवटच्या दीड महिन्यातली शेळी मी गोठ्याबाहेर जाऊ देत नाही, पीपीआर आणि आंत्रविषार या शेळ्यांच्या रोगांवरच्या लसींच्या तारखा लिहून देते आणि नेलेली जनावरे निदान तीन आठवडे जुन्या कळपापासून वेगळी बांधायला सांगते.

पण त्याहून मोठी काळजी निराळी आहे. दहा शेळ्या आणि एक बोकड असे गट नवख्या माणसाला विकायचे, त्याने त्यांची पिल्ले पुढच्या नवख्याला पैदाशीसाठीच विकायची, आणि या साखळीत खाणारा माणूस कुठेच नाही, असा प्रकार मला आजूबाजूला वाढताना दिसतो. २०१२ मध्ये तामिळनाडूतल्या पेरुंदुराईच्या इमू पक्षी पाळण्याच्या योजना कोसळल्या तेव्हा हेच घडले होते, आणि २०१९ मध्ये सांगली-साताऱ्याकडच्या शेतकऱ्यांनी कडकनाथ कोंबड्यांच्या हमी-खरेदीत हेच भोगले. पक्षी वाईट नव्हते. ते शेवटी कोण आणि कोणत्या भावाने खाणार, हे कुणी विचारले नव्हते. म्हणून पैदाशीची शेळी विकताना मी आधी एकच प्रश्न विचारते: तुमच्या गोठ्यातला नको असलेला बोकड तुम्ही कुणाला विकणार आहात? उत्तर नसेल तर मी दोनच शेळ्या देते, दहा देत नाही.

कोंबड्यांबद्दल थोडक्यात. गावरान म्हणून रस्त्याकडेला जे विकले जाते त्यात गिरिराज, वनराज आणि डीपी क्रॉस या सुधारित, संकरित कोंबड्यांचा भरणा असतो. हे पक्षी वाईट नाहीत, उलट अंडी जास्त देतात आणि लवकर वाढतात. पण खरी गावरान कोंबडी किलो-सव्वा किलोची व्हायला पाच महिने घेते आणि तिचा भाव त्या पाच महिन्यांचा असतो. वनराज वनराज म्हणूनच विकावा. माझ्याकडे दोन्ही आहेत, दोन खुराड्यांत आणि दोन भावांनी.

येत्या ईदेसाठी सोळा बोकड तयार आहेत, त्यातले पाच व्यापाऱ्याला आधीच बोलले गेले आहेत. उरलेल्या अकरांचे वजन रविवारी सकाळी साडेसहाला सुरू होईल. ज्यांना यायचे आहे त्यांनी त्याआधी पोचावे. एकदा वैरण टाकली की त्या दिवशी काटा पुन्हा लावला जाणार नाही.