‘थांबा, अपडेट येतंय’: त्या मेसेजला ओळीओळीने उत्तर

सातारा-सांगली पट्ट्यातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो कराडच्या मेहुण्याकडून आला, मिरजेच्या एका गिऱ्हाइकाकडून आला आणि शेवटी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही पडला. थोडक्यात मजकूर असा: “नव्या इलेक्ट्रिक गाडीची स्क्रीन अडकते, चार्जिंग मध्येच थांबतं, ब्रोशरमधली चार फीचर दिसत नाहीत, म्हणून घाबरू नका. हे सगळं सॉफ्टवेअर आहे, म्हणजे किरकोळ. यात तुटण्यासारखं काही नसतं, अपडेट आलं की घरबसल्या ठीक होतं. हार्डवेअर गाडीत आहेच, राहिलेली फीचर येणारच. उगाच तक्रारी करून आपल्याच गाडीची रीसेल पाडू नका.”

मी वायरिंगची कंत्राटं घेतो. हल्ली घरोघरी चार्जिंग पॉइंट बसवायचं काम वाढलंय आणि माझ्या दारातही इलेक्ट्रिक गाडीच उभी असते. गाडी मला आवडते, डिझेलकडे परत जायचा विचारही नाही. पण या मेसेजने खरं, अर्धं खरं आणि साफ चुकीचं असं सगळं एकाच पुडीत बांधलंय. ती सोडून बघू.

“सॉफ्टवेअर आहे, म्हणजे किरकोळ.”

गाणी वाजवणारी स्क्रीन अडकली तर ठीक, किरकोळ म्हणू. बहुतेक गाड्यांत मोटर आणि ब्रेक सांभाळणारे कंट्रोलर वेगळे असतात, त्यामुळे स्क्रीन काळी पडली तरी गाडी चालत राहते. पण आता बऱ्याच गाड्यांत काचेवरची वाफ घालवायचं बटणही त्याच स्क्रीनच्या पोटात गेलंय. जुलैच्या पावसात यवतेश्वरचा घाट चढताना पुढची काच धुरकटली आणि स्क्रीन ढिम्म हलेना, तर त्याला किरकोळ कोण म्हणेल?

त्याखालचा थर आणखी महत्त्वाचा. मोठ्या बॅटरीतली वीज मोटरपर्यंत जाऊ द्यायची की नाही, हे काँटॅक्टर नावाचे जाडजूड रिले ठरवतात, आणि त्यांना हुकूम देतो कॉम्प्युटर. तो कॉम्प्युटर जागा होतो साध्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर. म्हणजे मोठी बॅटरी ९० टक्के भरलेली असली तरी छोटी बसली की गाडी दगड. २०२४च्या जूनमध्ये ह्युंदाईने भारतात आयोनिक ५च्या १,७४४ गाड्या परत बोलावल्या त्या याच साखळीतल्या दोषासाठी. चार्जिंग सांभाळणारं एक युनिट खराब होऊन बारा व्होल्टची बॅटरी उतरायची, आणि ती उतरली की चालत्या गाडीची ताकद जाऊ शकायची. सॉफ्टवेअर की हार्डवेअर, हा वाद खंबाटकीच्या चढावर मागे ट्रक लागलेला असताना काही कामाचा नाही.

“अपडेट आलं की ठीक होतं.”

यातलं खरं आधी मान्य करतो. २०२३च्या डिसेंबरात टेस्लाने अमेरिकेत ड्रायव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणेसाठी २० लाखांहून जास्त गाड्यांचा रीकॉल काढला आणि दुरुस्ती हवेतूनच, म्हणजे इंटरनेटवरून गाडीत पाठवली. जुन्या पेट्रोल गाडीच्या मालकाला हे सुख नाही.

पण त्याच टेस्लाची २०२१ची गोष्ट मेसेजवाल्याने वाचलेली दिसत नाही. जुन्या मॉडेल एस आणि एक्समध्ये स्क्रीनच्या कॉम्प्युटरला ८ जीबीची मेमरी चिप होती. सॉफ्टवेअर त्या चिपवर सतत नोंदी लिहीत राहिलं आणि चिप झिजली. स्क्रीन गेली, मागचा कॅमेराही गेला. सुमारे १ लाख ३५ हजार गाड्यांचा रीकॉल झाला आणि उपाय होता तो भाग बदलण्याचा. झिजलेली चिप कुठलं अपडेट परत नवी करणार? फोक्सवॅगनच्या सुरुवातीच्या आयडी.३ गाड्यांना तर पुढचं मोठं सॉफ्टवेअर घेण्याआधी वर्कशॉपात जाऊन बारा व्होल्टची बॅटरीच बदलून घ्यावी लागली. व्होल्वोने ईएक्स९०च्या जुन्या ग्राहकांना गाडीचा मुख्य कॉम्प्युटर फुकट बदलून द्यायचं जाहीर केलं. चांगलं केलं, पण कॉम्प्युटर काही मोबाइलच्या रेंजमधून येत नाही.

आणि अपडेटच बिघाड घेऊन आलं तर? २०२३च्या नोव्हेंबरात रिव्हियन या अमेरिकन इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीकडून चुकीच्या सुरक्षा प्रमाणपत्राचं अपडेट सुटलं आणि काही गाड्यांच्या स्क्रीन निकामी झाल्या. २०२५च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या जीप रँग्लर फोर-एक्स-ई या प्लग-इन हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि चार्ज करायची बॅटरी दोन्ही असलेल्या) गाड्यांनी तर अपडेट घेतल्यावर रस्त्यात चालता चालता ताकद सोडली. म्हणून माझा नियम साधा आहे: पहाटे पुण्याला निघायचं असेल तर आदल्या रात्री अपडेट लावायचं नाही.

“घरबसल्या.”

पार्किंग तळघरात, नेटवर्क पायऱ्यांवर. पुढे काय बोलायचं?

“चार्जिंग मध्येच थांबतं तेही सॉफ्टवेअरच.”

इथे मी थोडा रेंगाळणार, कारण हे माझ्या धंद्यातलं आहे. मी बघायला जातो त्या घरांत या तक्रारीमागे बहुतेक वेळा गाडी नसते, भिंत असते. गाडीसोबत येणारा पंधरा अँपियरचा पोर्टेबल चार्जर वीज ओढण्याआधी अर्थिंग तपासतो. जुन्या वाड्यात, शेतातल्या घरात सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्याच्या मागे वायरच नसते. असली तर अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडा ठाक. चार्जर लाल दिवा लावतो आणि मालक शोरूमला फोन करतो, “तुमच्या गाडीत बग आहे.” बग नाही, चार्जर त्याचं काम चोख करतोय.

यावर काही वायरमन एक भयंकर इलाज करतात: सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून टाकतात. चार्जर फसतो, हिरवा दिवा लागतो, मालक खूश. पुढे कधी मागच्या बाजूला न्यूट्रल तुटला की २३० व्होल्ट थेट गाडीच्या पत्र्यावर. अंगणात अनवाणी उभं राहून दार उघडणाऱ्याचं काय होईल, ते सांगायला नको. असा तुकडा कुणी जोडला असेल तर आजच काढा आणि नीट अर्थिंग करून घ्या.

दुसरं कारण व्होल्टेज. ज्या वस्तीत घरं आणि विहिरीच्या मोटरी एकाच डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर आहेत तिथे मोटरी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली बसतं आणि चार्जर स्वतःहून थांबतो. रात्री उशिरा लावून बघा. हायवेवरच्या फास्ट चार्जरचं प्रकरण वेगळं आहे. तिथे वीज सुरू होण्याआधी गाडी आणि चार्जर यांचं आपसात बोलणं होतं, इन्सुलेशनची तपासणी होते, शिवाय चार्जर त्याच्या कंपनीच्या सर्व्हरशी आणि तुमच्या ॲपशी बोलत असतो. यातलं कुठलंही एक बोलणं तुटलं तरी गाडीच्या स्क्रीनवर दिसतं तेवढंच: चार्जिंग अयशस्वी. दुसऱ्या कंपनीच्या चार्जरवर लावा. तिथे चाललं तर दोष पहिल्या चार्जरचा असण्याची शक्यता मोठी. दोन-तीन कंपन्यांच्या चार्जरवर तेच झालं, तर मग गाडी सर्व्हिस सेंटरला न्या आणि अजिबात ऐकून घेऊ नका.

“हार्डवेअर आहेच, राहिलेली फीचर येणारच.”

हे वाक्य सगळ्यात गोड आणि सगळ्यात महाग. २०१६च्या ऑक्टोबरात टेस्लाने जाहीर केलं की इथून पुढे बनणाऱ्या प्रत्येक गाडीत पूर्ण स्वयंचलनासाठी लागणारं हार्डवेअर बसवलेलं आहे. पुढे त्याच गाड्यांतला कॉम्प्युटर अपुरा ठरला, ज्यांनी फीचरचे पैसे भरले होते त्यांना नवा बसवून द्यावा लागला. २०२५च्या जानेवारीत एलॉन मस्क यांनीच सांगितलं की तो बदललेला कॉम्प्युटरही पुन्हा बदलावा लागेल. ‘हार्डवेअर आहेच’ म्हणणाऱ्याला ही तारीख विचारा.

व्होल्वोने ईएक्स९०च्या छपरावर लायडार, म्हणजे लेसरने समोरचं अंतर मोजणारा सेन्सर बसवला, सुरक्षेचं मोठं पाऊल म्हणून त्याची जाहिरात केली. गाड्या २०२४मध्ये ग्राहकांकडे गेल्या तेव्हा तो काम करत नव्हता, ‘नंतर’ सुरू होणार होता. मग २०२६च्या मॉडेलमधून कंपनीने लायडारच काढून टाकला. फिस्कर कंपनीने ओशन गाडी विकताना अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझसारख्या (पुढच्या गाडीप्रमाणे आपला वेग आपोआप कमी-जास्त करणाऱ्या) गोष्टी अपडेटवर ढकलल्या आणि २०२४च्या जूनमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. अपडेट पाठवणारी कंपनीच कोलमडली की मालकाने कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

उलटं उदाहरणही आहे आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. २०२०मध्ये आयडी.३च्या पहिल्या ग्राहकांना फोक्सवॅगनने आधीच सांगितलं की दोन सुविधा अजून तयार नाहीत; आत्ता घ्यायची की तयार झाल्यावर, तुम्ही ठरवा. पुढच्या वर्षी त्या सुविधा दिल्याही. म्हणजे अर्धवट गाडी विकणं हा गुन्हा नाही, गुपचूप विकणं हा आहे. आपल्याकडे ब्रोशरच्या तळाला मुंगीच्या अक्षरात ‘पूर्वसूचनेशिवाय बदल होऊ शकतो’ असं छापलेलं असतं, आणि सेल्समन तोंडी म्हणतो, “दिवाळीपर्यंत येतंय, साहेब.” कुठली दिवाळी ते विचारा. बुकिंगच्या कागदावर फीचरचं नाव आणि तारीख लिहून मागा. तो लिहून देणार नाही. मग ते फीचर नाहीच असं धरून किंमत पटते का बघा.

शिवाय फीचर आलं म्हणजे आपल्या रस्त्यावर उपयोगी पडेलच असंही नाही. गाळप हंगामात पेठ नाक्यावरून सांगलीकडे रात्री जाऊन बघा: उसाने खच्चून भरलेल्या जोड-ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या शेंड्यांनी झाकलेला. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा अनियमित आकाराची किंवा अंधारातली वाहनं ओळखेलच असं नाही, ही सूचना गाडीच्या पुस्तकात असते. ती पानं कुणी वाचत नाही.

“तक्रारी करू नका, रीसेल पडेल.”

याच ओळीसाठी मी हे लिहायला बसलो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. आणि ‘अपडेट येतंय, थांबा’ म्हणत वाट बघणाऱ्याचे महिने त्या दोन वर्षांतूनच वजा होतात, वॉरंटीतूनही होतात. सर्व्हिस सेंटरवाला “सॉफ्टवेअर आहे, पुढच्या अपडेटमध्ये जाईल” म्हणून जॉबकार्डावर ‘ओके’ मारतो, तिथे सही करू नका. ‘समस्या कायम’ असं त्याच कार्डावर लिहायला लावा. बिघाडाचा व्हिडिओ काढा, तारखेनिशी ईमेल करा. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं.

गाडी पुण्यात घेतली म्हणून पुण्याला खेटे घालायचे नाहीत. या कायद्यात तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणजे साताऱ्याच्या माणसाला साताऱ्याचा जिल्हा आयोग आणि सांगलीकराला सांगलीचा. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच. रक्कम १० ते २० लाखांच्या दरम्यान असेल तर फी ४०० रुपये, त्यापुढे ५० लाखांपर्यंत १,०००. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते, तिला काही लागत नाही.

आणि सगळ्यांनी गप्प बसण्याचा तोटा गप्प बसणाऱ्यांनाच होतो. मोटार वाहन कायद्यात ११०ए हे कलम १ एप्रिल २०२१पासून लागू आहे. सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकतं, आणि त्यासाठी एक आधार असतो तो एकाच मॉडेलच्या किती मालकांनी तोच दोष कळवला याचा. मेसेज फॉरवर्ड केल्याने त्या आकड्यात एकाचीही भर पडत नाही.